शिरपेच कुणाच्या हातून घ्यायचा?

लग्नसराई सुरू झाली की भिवापूरपासून उमरेडपर्यंत ज्या वराती दिसतात, त्यातल्या नवरदेवाच्या डोक्याकडे एकदा नीट बघा. फेटा असतो, समोर शिरपेच लावलेला असतो, वर कलगी नाहीतर तुरा, बाजूनं मोत्यांच्या माळा, काठाला जरी. आता करवल्याही फेटे बांधतात आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आपणही बांधतो. बांधला की सगळे म्हणतात, काय मराठमोळा थाट आहे! थाट आहेच. पण या थाटातले शब्द एकेक करून हातात घ्या, म्हणजे गंमत कळेल.

शिरपेच हा मुळात फारसी ‘सरपेच’. सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे पीळ किंवा वेढा. आपल्या कानाला ‘शिर’ ओळखीचं, म्हणून आपण सरचं शिर केलं. तुरा अरबीतून आला. कलगी फारसी-तुर्की वळणाची. फारसीत जर म्हणजे सोनं, त्यावरून जरी. सोन्याचांदीची तार गुंडाळलेला धागा म्हणजे कलाबतू, तो शब्दही तुर्की-फारसी वाटेनं आला. जुन्या पोवाड्यांत आणि बखरींत सरदारांच्या डोक्यावर मंदील असतो. हा मंदील अरबांनी घेतला रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतून, आणि तिथं त्याचा अर्थ होता जेवताना हात पुसायचं फडकं! ते फडकं देशोदेशी फिरत फिरत सोन्याची तार अंगावर घेऊन आपल्या सरदारांच्या डोक्यावर जाऊन बसलं. जिरेटोपातलं ‘जिरे’ आपल्या फोडणीतलं नाही बरं का. फारसीत ‘जिरह’ म्हणजे साखळ्यांचं चिलखत. जिरेबख्तर म्हणतो ना, त्यातलं ते जिरे. पगडी, पागोटं, मुंडासं, फेटा हे मात्र इथलेच शब्द. म्हणजे कापड इथलं, बांधणी इथली आणि वरचा साज लांबून आलेला, असा हा सगळा मामला.

हे सगळं मी शोधायला लागले त्याला एक कारण घडलं. आमच्या प्रभागातला एक गट तयार फेटे करतो. दोन वर्षांपूर्वी एका समारंभासाठी चाळीस फेट्यांची ऑर्डर आली. हंगामातली सगळ्यात मोठी. ॲडव्हान्सही मिळाला. मग ऑर्डर देणारे गृहस्थ माल बघायला आले. मोत्याच्या माळा आणि शिरपेच लावायचं काम गटातल्या एक खाला करतात. त्यांचा हात इतका साफ आहे की टाका दिसत नाही. गृहस्थांनी खालांना बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, “मॅडम, आम्हाला पक्का मराठमोळा फेटा पाहिजे. मोगलाई काही नको. आणि यांच्या हातचं नको.”

संध्याकाळी बैठक बसली. एक जण म्हणाली, “पैसा काय वाईट राहते काय वो ताई? खाला दुसऱ्या ऑर्डरचं काम करतील ना.” दुसरी म्हणाली, चाळीस फेट्यांत हप्ता निघतो आपला. खाला बराच वेळ चूप होत्या. मग त्यांनी विचारलं, “मोगलाई नको म्हणते तो, तर शिरपेचही काढून टाकू काय पोरी त्याच्यातून?” त्यांना शब्दाचा इतिहास माहीत नव्हता. लहानपणी त्यांनी वडलांच्या तोंडून ‘सरपेच’ ऐकला होता, एवढंच. रात्री नऊ वाजता गटानं ठराव केला आणि ॲडव्हान्स परत केला. दोन बायका माझ्यावर आठवडाभर रागावून होत्या, आणि त्यांचं मला चुकीचं वाटत नाही. हप्ता सगळ्यांनाच भरावा लागतो. पण खालांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. बी.ए.ला माझा इतिहास होता, म्हणून पुस्तकं पुन्हा काढली.

तर ऐका. महाराष्ट्रात राजांच्या डोक्यावर परदेशी साज चढायला लागला तो शिवरायांच्या कितीतरी आधी. विजापूरचे आदिलशहा इराणच्या बादशहाला मानायचे. इराणी फौजेचे लोक तेव्हा बारा घड्यांची लाल टोपी घालत. ते बारा इमामांचं चिन्ह होतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरच्या इस्माईल आदिलशहानं आपल्या लष्करालाही तशीच टोपी घालायला लावली. तिकडे दक्षिणेत विजयनगरचे हिंदू राजे उंच, निमुळती, किनखाबी टोपी घालत होते. तिला ‘कुल्लायी’ म्हणत आणि ती फारसी ‘कुलाह’वरून आली. तिरुपतीच्या देवळात कृष्णदेवरायाचा पितळी पुतळा राण्यांसोबत हात जोडून उभा आहे, त्याच्या डोक्यावर ही टोपी आहे. देवापुढे उभं राहतानाही त्यांना ती परकी वाटली नाही. त्या काळी इराणी धर्तीचा पोशाख म्हणजे मोठ्या दरबाराचा पोशाख, जसा आज कोट-टाय असतो तसा. आपल्याकडचे मराठा सरदार निजामशाही-आदिलशाहीत नोकऱ्या करत होते. शहाजीराजेही त्यातलेच. त्यांच्या दरबारी पोशाखात हा साज आला यात नवल नाही.

उत्तरेत मोगलांचं वेगळंच. बाबर आणि हुमायून मध्य आशियातल्या थंडीच्या मुलखाचे, उंच टोप्या घालणारे. अकबरानं इथल्या रजपुतांसारखी आटोपशीर, घट्ट पगडी उचलली. म्हणजे मोगलांनीही इथून घेतलंच. त्या पगडीवर मग बगळ्याचं पीस आलं, पिसाच्या बुडाशी रत्न आलं, आणि पुढे पिसाच्या आकाराचा सोन्याचाच दागिना घडवायला लागले. तो आपला शिरपेच. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१६ साली जहांगीरच्या दरबारात होता. बादशहाच्या पागोट्यात पिसांचा तुरा, एका बाजूला अक्रोडाएवढं माणिक, दुसऱ्या बाजूला तेवढाच हिरा आणि मधे त्याहून मोठा पाचू होता, असं त्यानं लिहून ठेवलंय. शिरपेचाच्या घडणीवर युरोपातल्या टोपीवर लावायच्या दागिन्यांचाही परिणाम झाला, असं काही अभ्यासक मानतात.

आता त्या पाचूबद्दल. मोगलांच्या दागिन्यांतले मोठमोठे पाचू दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाच्या खाणींतले असत. स्पॅनिश लोकांनी ते तिथून काढले आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्याच्या बाजारात आले. आणि मैत्रिणींनो, आपण भिवापूरच्या बाया आहोत म्हणून सांगते, त्याच अमेरिका खंडातून आणि त्याच पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे मिरची! सोळाव्या शतकाआधी या देशात कुणी मिरची खाल्ली नव्हती. आज आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पुणेरी पगडीलाही २००९ साली असंच मानांकन मिळालं. भिवापुरी मिरचीला परदेशी म्हणून दाखवा कुणी, आमच्या मिरची तोडणाऱ्या बाया त्याला काय ते सांगतील.

साज आला हे झालं. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या काळात पागोटं आणि शिरपेच दुकानातून विकत आणून घालायची गोष्ट नव्हती. तो मान होता आणि मान कुणीतरी द्यायचा असतो. बादशहा खूश झाला की ‘खिलत’ द्यायचा. अरबीत या शब्दाच्या मुळाशी अंगावरून काढण्याचा अर्थ आहे. धन्यानं स्वतःच्या अंगावरचं वस्त्र काढून चाकराला द्यायचं, म्हणजे धन्याचा थोडा अंश चाकराच्या अंगावर गेला, अशी कल्पना. पुढे ही वस्त्रं खास तयार करून ठेवत. डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण पोशाख असला की त्याला फारसीत ‘सर-ओ-पा’ म्हणत, सर म्हणजे डोकं आणि पा म्हणजे पाय. आपण त्याचं केलं ‘शिरपाव’. मुलगी दहावीत पहिली आली की पेपरात ‘मानाचा शिरपाव’ छापून येतो, तो हाच.

शिरपाव अंगावर घेतला की तुम्ही त्याचे झालात. म्हणून तो घेणं किंवा न घेणं ही राजकारणातली मोठी बाब होती. शिवाजी महाराजांचा आग्र्याचा प्रसंग आपण पेटाऱ्यांमुळे लक्षात ठेवतो. मला त्याच्या आधीचा दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. १२ मे १६६६. औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह याच्या माणसांनी आग्र्याहून लिहिलेली पत्रं राजस्थानात सापडली, त्यात त्या दिवसाची हकीकत आहे. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं. आधी पानाचे विडे वाटले. मग शिरपाव द्यायला सुरुवात झाली. शहजाद्यांना दिला, वजीर जाफरखानाला दिला, जसवंतसिंहाला दिला. महाराजांना नाही. तिथं त्यांचा संताप झाला, डोळे भरून आले, आणि ते बादशहाकडे पाठ फिरवून चालू लागले. बादशहानं मागाहून सरदार पाठवले, शिवाजीला शिरपाव घाला आणि घेऊन या म्हणून. महाराजांनी सांगितलं, शिरपाव घेणार नाही.

यात बारकावा आहे तो बघा. आदल्याच वर्षी, पुरंदरच्या तहानंतर, त्यांनी बादशहाचं फर्मान आणि खिलत घेतली होती. म्हणजे वस्त्र मोगली आहे म्हणून त्यांनी नाकारलं नाही. अपमान करून वर समजूत म्हणून जे दिलं जात होतं, ते नाकारलं.

मग १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि तिथं महाराज स्वतः वस्त्रं देणारे झाले. अष्टप्रधानांना पदं आणि मानाची वस्त्रं त्यांच्या हातून मिळाली. पेशव्यांचे ‘पंतप्रधान’ झाले, मुजुमदारांचे ‘अमात्य’. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ महाराजांनी रघुनाथपंत हणमंते आणि धुंडिराज व्यास यांच्याकडून करवून घेतला. हजारावर शब्द आहेत त्यात. कारभाराची भाषा परक्याची नको, हा आग्रह स्पष्ट होता. पण दागिना त्यांनी टाकला नाही. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेली आणि डच व्यापाऱ्यांसोबत युरोपात गेलेली महाराजांची त्या काळातली चित्रं आहेत. त्यातलं एक हॉलंडच्या राईक्सम्युझियममध्ये आहे. त्या चित्रांत कॅलेंडरवरच्यासारखा उंच जिरेटोप दिसत नाही. घट्ट बांधलेलं पागोटं, त्यावरून आडवा पट्टा, वर पिसाचा तुरा. दख्खनी आणि मोगली दरबारातला साज तो, आणि घालणारा छत्रपती.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हा शिरपाव मराठी राजकारणात फिरत राहिला. साताऱ्याचे छत्रपती पेशव्यांना ‘पेशवाईची वस्त्रं’ देत. ती मिळाल्याशिवाय पेशवा पेशवा होत नसे. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून सवाई माधवरावांसाठी वकील-ए-मुतलकीची वस्त्रं घेऊन पुण्याला आले. बादशहा तिथं नव्हताच. रिकामं सिंहासन मांडलं, पेशव्यांनी त्याला मुजरा केला, नजर ठेवली आणि वस्त्रं घेतली. पोशाखासोबत जडावाचे दागिने, पिसं, ढाल-तलवार, कलमदान, शिक्के असं सगळं होतं. दिल्लीचा बादशहा तेव्हा महादजींच्याच जोरावर टिकून होता. ज्याला आपण सांभाळतोय त्याच्याच हातून मान घ्यायचा आणि त्यासाठी त्याच्या रिकाम्या खुर्चीला वाकायचं! पुण्यातल्या बऱ्याच लोकांना हे तेव्हाही रुचलं नव्हतं. मलाही वाचताना हसू आलं. त्याच साली जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्याला पोचला आणि त्यानं सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी यांची चित्रं काढली. पेशवाईतल्या पगड्या कशा होत्या हे आज आपण त्या चित्रांत बघतो.

आता आपल्या नागपूरकडे येऊ, कारण या शिरपावाची सगळ्यात जबर किंमत आपल्या भागानं मोजली.

नागपूर शहर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. तो औरंगजेबाच्या दरबारात जाऊन आलेला होता. नंतर रघुजी भोसले आले आणि नागपूर मराठ्यांचं झालं. भोसल्यांचा किताब ‘सेनासाहेब सुभा’. तो आणि त्याची वस्त्रं आधी साताऱ्याहून आणि मग पुण्याच्या मान्यतेनं मिळत. १७७२ साली जानोजी भोसले वारले आणि त्यांचे दोन भाऊ, मुधोजी आणि साबाजी, यांच्यात या वस्त्रांवरून तंटा लागला. जानोजींच्या पत्नी दर्याबाई यांनी आधी साबाजींची बाजू घेतली. पुण्यात कुणाचं वजन जास्त, तशी वस्त्रं कधी या भावाची, कधी त्या भावाची. शेवटी १७७५ साली नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले, भावाच्याच गोळीनं. उमरेडवरून नागपूरला जाताना पाचगावची पाटी लागते. मी कितीदा तिथून गेले असेन, ही गोष्ट माहीत नव्हती.

दुसरी वेळ १८१७ ची. तेव्हा गादीवर अप्पासाहेब भोसले होते. त्यांनी आदल्या वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता, म्हणजे संरक्षण इंग्रजांचं आणि खर्च आपला. इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स नागपुरात बसलेला. ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीला दुसरे बाजीराव पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. आणि नेमकी त्याच महिन्यात पुण्याहून अप्पासाहेबांसाठी वस्त्रं आणि जरीपटका आला. अप्पासाहेबांपुढे पेच पडला, डोक्यावरचा नव्हे, खराच. वस्त्रं घ्यावीत तर इंग्रज म्हणणार, आमच्या शत्रूचा मान घेतला म्हणजे तुम्ही शत्रू. न घ्यावीत तर इतक्या पिढ्यांचा मान नाकारला, आणि आपण टोपीकरांचे ताबेदार झालो हे आपणच जाहीर केलं. टोपीकर म्हणजे हॅट घालणारे युरोपियन. आपल्या लोकांनी त्यांना डोक्यावरूनच ओळखायचं ठरवलं होतं. अप्पासाहेबांनी जेनकिन्सलाही समारंभाचं आमंत्रण पाठवलं. त्यानं विरोध कळवला. २४ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेबांनी भर दरबारात वस्त्रं अंगावर घेतली. २६ तारखेला संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी लढाई हरलो. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना पदावरून काढलं, ते कैदेतून निसटले, आणि १८४० साली जोधपूरला परमुलखात वारले.

लढाईला दुसरीही कारणं होती. पैसा, फौज, आतली भांडणं, सगळं होतं. पण ठिणगी पडली ती वस्त्रांवरून. सीताबर्डीचा किल्ला आपण वर्षातून ठरावीक दिवशी बघायला जातो, तेव्हा मुलांना हे सांगा. आणि नागपुरात जरीपटका नावाची मोठी वस्ती आहे, तिथल्या दुकानांत आपण साड्या घेतो. त्या नावातली जरीही तीच, फारसी सोन्याची.

यापुढची हकीकत वाईट आहे. इंग्रजांनी गादीवर लहान मुलगा बसवला, तिसरे रघुजी. त्यांच्या लहानपणी वाड्याचा कारभार दुसऱ्या रघुजींच्या विधवा पत्नी बाकाबाई यांच्याकडे होता. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. पोटी मुलगा नव्हता. डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. मग वाड्यातली चीजवस्तू बाहेर काढायला सुरुवात झाली. बाकाबाई आणि इतर राण्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं कुणी ऐकलं नाही. हत्ती, घोडे, बैल लिलावात विकले. जडजवाहीर कलकत्त्याला नेलं आणि १८५५ साली हॅमिल्टन आणि कंपनीच्या दुकानातून विक्रीला काढलं. ज्या वस्तू फक्त राजाच्या हातून मिळत, ज्यासाठी भाऊ भावावर उठला होता, त्या आता पैसे टाकणाऱ्या कुणालाही मिळत होत्या. भोसल्यांच्या शिरपेचाचा अपमान म्हणाल तर हा. इतकी शतकं त्यात कुठल्या देशाचा पाचू आहे यानं त्याचा मान कमी झाला नव्हता.

पहिल्या रघुजींच्या नावाची तलवार मागच्याच वर्षी, २०२५ मध्ये, लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाख रुपये देऊन ती परत आणली, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्या तलवारीचं पातं युरोपात घडलेलं आहे, आणि वर देवनागरीत सेनासाहेब सुभा रघुजी भोसले यांचं नाव सोन्यानं लिहिलंय. मराठे अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. नावातच फिरंगी. तरी ती आपलीच म्हणून आणली, आणि बरं केलं.

राजांचं पुष्कळ झालं. आता ते पागोटं कुणी विणलं, ते सांगते, कारण पुस्तकांत यावर दोन ओळींपेक्षा जास्त मिळत नाही. पागोट्याचं कापड अरुंद आणि लांबच लांब असायचं. सूत जितकं तलम, तितके जास्त वेढे आणि डोक्याला भार कमी. त्यामुळे पागोट्याची खरी किंमत सुतात होती. चंदेरीची तलम पागोटी मराठी दरबारांत जात. जरी बऱ्हाणपूरची. आपल्या पट्ट्यात उमरेडची रेशीमकाठी धोतरं आणि पवनीचं तलम कापड नावाजलेलं होतं. विणकर मुख्यतः कोष्टी समाजाचे, काही ठिकाणी मोमीन विणकरही. मागावर पुरुष बसायचा. पण सूत कातायचं बायांनी, कांड्या भरायच्या बायांनी, ताणा करायला हातभार बायांचा. भिवापूर-पवनीकडच्या जुन्या कोष्टी घरांतल्या आज्यांना विचारा, कांड्या भरता भरता त्यांचं लहानपण गेलं. मग ज्याला पगडी हवी, तो पगडबंदाकडे जायचा. पगडबंद साच्यावर कापडाच्या पट्ट्या पिळून, टाके घालून पगडी कायमची बांधून द्यायचा. पागोटं रोज बांधायचं, पगडी टोपीसारखी उचलून घालायची, हा दोन्हीतला फरक.

१८६७ साली नागपुरात रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विलायती आणि गिरणीच्या सुतापुढे हातानं कातलेलं सूत टिकलं नाही. कातणाऱ्या बायांचा धंदा सगळ्यात आधी बसला. विणकर मात्र गिरणीचं सूत घेऊन पुष्कळ वर्षं तगले. डोकीही बदलत होती. साहेबाच्या कचेरीत काम करणारे गोल टोपी घालायला लागले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या सुमारास खादीची पांढरी टोपी गावोगाव पोचली. त्या टोपीला काठ नाही, जरी नाही, शिरपेच लावायला जागा नाही. ती कुणी द्यावी लागत नाही, कुणीही शिवून घालावी. मानाचं सगळं जुनं गणितच तिनं मोडलं. पगडी, फेटा हळूहळू लग्नापुरते राहिले.

आणि आता ते लग्नातून पुन्हा बाहेर आलेत, आपल्यासारख्या गटांमुळे. आमच्या गटाचं कापड सुरतहून येतं, मोती आणि खडे नागपूरच्या इतवारीतून. शिरपेच मात्र खालाच लावतात, आणि त्यांनी आता दोन मुलींना शिकवलंय. एकीचं नाव मी घेत नाही, ती लाजते. पण तिच्या सासूनं मला परवा सांगितलं की सुनेच्या हातचा फेटा घालून भाचा बोहल्यावर उभा राहिला.

जाता जाता कामाचं. तुमच्या घरी पेटीत आजेसासऱ्यांची पगडी, जुनं पागोटं किंवा जरीचा मंदील असेल, तर धुवायला काढू नका. जरी पाण्यानं काळी पडते आणि पगडीची बांधणी सुटली की पुन्हा बसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि जरीला लागून डांबरगोळी ठेवू नका. घडीचं पागोटं असेल तर वर्षातून एकदा उलगडून घडीची जागा बदला, नाहीतर त्याच रेघेवर फाटतं. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारून एका कागदावर लिहून ठेवा, ही कुणाची, कुणी दिलेली, कोणत्या प्रसंगाला. तो कागद पगडीसोबतच ठेवा. कुणाकडे असं काही निघालं तर गटाच्या बैठकीत घेऊन या, खालांना दाखवू. टाका बघून त्या सांगतील कसं बांधलंय ते.